चवीपुरतं

त्या मटणाच्या दुकानात दोन काटे होते. एक फळीवर ठेवलेला, हिरवे आकडे दाखवणारा. दुसरा मालकाच्या उजव्या हातात, आणि हा दुसरा जास्त खरा, असं गिऱ्हाइकं छातीवर हात ठेवून सांगत. अर्धा किलो मागितलं की सुरी एकदाच चाले, तुकडा तळहातावर पडे, मालक डोळे किंचित मिटून म्हणे, "बारा ग्रॅम वर आहे. राहू द्या." फळीवरच्या काट्यावर ठेवावं तर अकरा, नाहीतर तेरा. म्हणून सगळी गल्ली त्याला तराजू म्हणे आणि तोही त्या हाकेला ओ देई.

आता देवाची करणी पाहा. ज्याच्या हाताला जगाचं वजन कळे, त्याला स्वतःचं कळत नव्हतं. दिवस उजाडला की काळीज परतून त्यावर चार अंडी फोडायची, दुपारी बरगडीचे चाप, संध्याकाळी दुकानात जे उरेल ते, आणि जे उरायला नको होतं तेही. पानात हाड नसलं तर आपण जेवलो की नुसतेच पानावर बसून उठलो, याची त्याला शंका येई. हिरव्या भाजीबद्दल त्याचं म्हणणं असं, की पाला बकऱ्याने खावा आणि बकरं आपण खावं. मधला त्रास बकऱ्याने सोसलेला आहे, तो वाया का घालवायचा?

दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या. एकीत तो आणि बायको, दुसरीत त्याची ताई राहायची. त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि पंधरा वर्षांच्या ताईने त्याला जे कडेवर घेतलं, ते तो चांगला घोडा होईपर्यंत खाली ठेवलं नाही. पुढे तिने शिवणकाम केलं, लग्न केलं नाही, भावाला दुकान थाटून दिलं, भावजय आणली. त्याची पँट दर दोन वर्षांनी कमरेत सैल करून देणं हेही तिचंच काम. "लहान्या," ती म्हणायची, "आता शिलाईत कापड उरलं नाही. पुढच्या वेळी तंबू आण." बावन्न वर्षांच्या, दार अडवून उभ्या राहणाऱ्या त्या माणसाला लहान्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती.

दोन वर्षांपूर्वी ताईच्या किडन्या गेल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार असा तिचा आठवडा. सकाळी आठला तराजू वर जायचा, तिला दोन्ही हातांवर उचलून सतरा पायऱ्या उतरवायचा, दुकानाच्या गाडीत बसवायचा आणि दवाखान्यात पोचवायचा. तिथे यंत्र चार तास तिचं रक्त धुऊन परत द्यायचं. दुपारी तो तिला आणायचा आणि तसंच वर न्यायचा. यात त्याच्या हातांना एक गोष्ट आपोआप कळू लागली होती. जाताना ताई येतानापेक्षा दोन-सव्वादोन किलोंनी जड असायची. ते पाणी. शरीरातून बाहेर पडायची वाट बंद झालेलं, दोन दिवसांत साठलेलं पाणी. "ताई, सव्वादोन," तो पायऱ्यांवरच सांगायचा. दवाखान्यातली परिचारिका तिला वजनाच्या यंत्रावर उभं करून म्हणायची, सव्वादोन. ताई म्हणायची, आमच्या घरचं यंत्र आधीच बोललंय.

तर तराजूची किडनी ताईला जुळली. रक्त जुळलं, बाकी सगळं जुळलं. दुसऱ्या कुणाची जुळत नव्हती. तो पेढे वाटायचाच बाकी होता. पण डॉक्टरांनी त्याला यंत्रावर उभं केलं आणि आकडा आला एकशे चार.

डॉक्टर मोजकं बोलणारे होते. किडनी चांगली आहे, म्हणाले, पण एवढ्या वजनाच्या माणसावर सुरी चालवणं त्याच्याही जिवाला धोक्याचं, आणि एका किडनीवर हा भार पुढे पेलणंही अवघड. नव्वदच्या आत या. चार महिन्यांनी बघू. नाहीतर ताईंना यादीवर थांबावं लागेल, यादी लांब आहे, आणि ताईंचं वय चौसष्ट. पुढचं ते बोलले नाहीत. तराजूला कळलं.

त्याने आधी सरळ मार्ग धरला. कमी खायचं. सगळं खायचं, पण निम्मं. इथे त्याच्या हाताने त्याला दगा दिला. गिऱ्हाइकाला अकरा ग्रॅम जास्त गेले तर ओळखणारा तो हात, स्वतःच्या पानात अर्धा चाप म्हणून जो ठेवी, तो पाहून बायको म्हणे, हा अर्धा असेल तर बकरं केवढं होतं? पंधरा दिवसांत अर्धा किलो वाढलाच.

मग डॉक्टरांनी त्याला दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंकडे धाडलं. तिशीची, शेवग्याच्या शेंगेसारखी सडपातळ बाई. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं, हसली नाही, आणि म्हणाली की तुम्हाला मोजून खाणं जमणार नाही, तुम्हाला वगळून खाणं जमेल. व्हीगन व्हा. प्राण्याचं काहीच नको. तराजूने विचारलं, म्हणजे मटण नको, अंडं चालेल? नाही. दूध? नाही. चहात तरी? नाही. मध? मधही नाही. लोण्याचं त्याने विचारलंच नाही, दुखऱ्या दातावर जीभ न्यावी तसं झालं असतं.

"एवढं लक्षात कसं ठेवू, बाई?"

"सोपं आहे. ज्याला आई आहे, त्याचं काही खायचं नाही."

"मी मटण विकतो."

"विका की. मी फक्त खाऊ नका म्हणतेय."

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं.  बावीस वर्षांच्या संसारात तिने त्याला एकदाच उपाशी पाहिलं होतं, तेही आजारपणात, आणि तेव्हाही तो झोपेत रश्श्याबद्दल बोलला होता. मग तिने पिशवी उचलली आणि वाटाणे, चवळी, घेवडा, भोपळा, पालक, बटाटे, टोमॅटो असं सगळं आणून ओट्यावर मांडलं. ताईला त्याने पायऱ्या उतरताना सांगितलं. ताई हसली, पण तिने त्याच्या मानेभोवतीचा हात जरा घट्ट केला.

पहिले आठ दिवस काय सांगावे. बिनदुधाचा चहा पिताना त्याचं तोंड असं व्हायचं, की समोरच्या गिऱ्हाइकाला वाटावं आपलंच काही चुकलं. दिवसभर दोन्ही हातांनी मांस कापायचं आणि बारा वाजता दुकानाच्या मागे बसून डब्यातली चवळी उपसायची. दर शनिवारी टिक्क्या न्यायला येणारे निवृत्त मास्तर फळीवर रेलून म्हणत, "तराजू, लांडग्याने कुरणात नाव घातलंय म्हणे." तराजू म्हणे, "मास्तर, लांडगा आहे, सुरी हातात आहे, जपून बोला." पण वजन उतरलं. दुकानाच्या मागे सबंध बकरं तोलायचा जमिनीवरचा मोठा काटा होता, त्यावर तो दर सोमवारी उभा राही आणि बायको आकडा वाचे. तीन आठवड्यांत नव्व्याण्णव. ताईने त्याची पँट कमरेत दोन बोटं आत घेतली आणि उरलेलं कापड कापायला कात्री लावली, मग थांबली आणि ते तसंच आत दुमडून ठेवलं. असू दे, म्हणाली.

एक गंमत मात्र रोजची होती. बहीणभावाला एका पानात जेवता येईना. त्याला जे जे खायला सांगितलं होतं, चवळी, बटाटा, टोमॅटो, पालक, ते ते ताईला बंद. तिच्या रक्तात त्यातले क्षार साठून हृदयावर यायचे. आणि तिला जे खायला हवं, अंड्याचा पांढरा भाग, कोंबडीचा एखादा तुकडा, ते त्याला बंद. दोघांनाही चालेल असं शोधता शोधता शेवटी पांढरा भात आणि कोबी एवढंच हाती आलं. रविवारी दुपारी तिघं वरच्या खोलीत जेवायला बसत तेव्हा मधोमध कोबी. ताई म्हणायची, देवाने एवढी पृथ्वी केली आणि आपल्या वाट्याला कोबी ठेवला, त्याचं काही मनात असेल.

आता मुद्द्याची गोष्ट. दुकानाचं नाव होतं ते खिम्याच्या टिक्क्यांवर. रोज सकाळी सहा वाजता तराजू खिमा, कांदा, लसूण, मिरी, मीठ असं परातीत कालवी, त्यातली नखाएवढी चिमूट तव्यावर टाकी, आणि चाखे. कच्चं मांस चाखता येत नाही, शिजवल्याशिवाय मीठ कळत नाही. मग जे कमी असेल ते टाकायचं, पुन्हा एक चिमूट, पुन्हा चव. तीस वर्षांचा हा रिवाज. त्याने स्वतःलाच सांगितलं, की हे काही खाणं नाही. हे काम आहे. सोनार सोनं कसाला लावतो, म्हणून काय तो सोनं खातो? चवीपुरतं तर आहे.

चार आठवडे हे खरंच चवीपुरतं राहिलं. पाचव्या आठवड्यात नखाची चिमूट बाटलीच्या बुचाएवढी झाली. मोठा तुकडा नीट भाजला जातो, चव खरी कळते, हे कारण. मग दोनदा चाखायचं ते चारदा झालं. सहाव्या आठवड्यात बुचाची तळहाताएवढी टिक्की झाली, आणि ती तो तव्यासमोर उभ्यानेच खाई, दाराकडे पाठ करून. पाठ का करायची, असं त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्यानेही स्वतःला विचारलं नाही. बायको त्या वेळी वर ताईचं अंथरूण आवरत असे.

काटा सत्त्याण्णववर येऊन बसला. एक सोमवार, दुसरा सोमवार, तिसरा सोमवार. बायको म्हणाली, भोपळ्यात एवढं काय असतं? तो म्हणाला, वय झालं, अंग सोडत नाही. आहाराच्या बाईंनी काय काय खाता ते विचारलं, त्याने सगळं खरं सांगितलं, फक्त सकाळी सहाचं सोडून. त्याचं त्यालाही ते खोटं वाटलं नाही. देवाने माणसाला दोन डोळे दिले, पण ते दोन्ही बाहेर पाहतात.

अशातच एका शुक्रवारी तो ताईला न्यायला वर गेला. उचललं आणि पहिल्याच पायरीवर थांबला. हात बोलले. दोन नव्हे, तीन नव्हे. चार, आणि वर थोडं. ताईचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, पावलं सुजून चपलेत मावत नव्हती.

"ताई, चार?"

"तुझे हात थकलेत. कोबी खाऊन दुसरं काय होणार."

दवाखान्यात यंत्र म्हणालं, चार किलो शंभर ग्रॅम. परिचारिकेने एरवीची थट्टा केली नाही. एवढं पाणी एका बैठकीत ओढायचं तर पायात गोळे येतात, रक्तदाब पडतो, कधी त्याहून वाईट होतं, हे तिने ताईला नाही, तराजूला सांगितलं. मग ताईला यंत्राला जोडून ती गेली. तराजू त्या दिवशी दुकानात परत गेला नाही. बायकोला निरोप धाडून तो पलंगाशेजारी बसून राहिला.

ताईच्या हाताशी तिची बाटली होती. ही बाटली त्याने दोन वर्षं रोज पाहिली होती आणि एकदाही नीट पाहिली नव्हती. त्यावर ताईने शिवणकामाच्या खडूने रेघा मारल्या होत्या. सकाळची रेघ, गोळ्यांची रेघ, दुपारची, संध्याकाळची. अख्ख्या दिवसाला एवढंच. उन्हाळा असो, ताप असो. ती ते पाणी तीर्थ घ्यावं तसं घ्यायची, ओठाला लावून, जिभेवर धरून, मग हळू गिळून. दोन वर्षं. आणि आपण सात आठवड्यांच्या चवळीने गल्लीभर ओरडलो, असं त्याच्या मनात आलं.

"रेघ कितीदा ओलांडलीस?" त्याने विचारलं.

 ताईने सांगितलं, की बाटलीला हातच लावला नाही. काल दुपारी नळाखाली तांब्या धरला, भरला आणि उभ्याने प्यायली. मग दुसरा. संध्याकाळी तिसरा. फार गोड लागलं पाणी, म्हणाली. असं गोड की रडू आलं.

"पण का?"

"तू सकाळी काय खातोस?"

त्याचा हात आपोआप तोंडावर गेला.

"तीन आठवडे तू मला उचलतोस आणि तुझ्या तोंडाला मिरी आणि तळलेल्या चरबीचा वास येतो. परवा पँट आत घ्यायला घेतली, तर टाका जिथे होता तिथेच बरोबर. टेप खोटं बोलत नाही, लहान्या." तिचा आवाज चढला नाही. "मी रागावले नाही. मला वाटलं, तुला द्यायची नाहीये. तोंडाने नाही म्हणवत नाही, म्हणून पोटाने म्हणतोयस. मग म्हटलं, जर हे असंच चालायचं असेल, तर एकदा पोटभर पाणी तरी पिऊ."

तराजूला वाटलं, ओरडून सांगावं की असं नाही, तसं नाही, ते चवीपुरतं होतं. शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच थबकले. कारण त्याला स्वतःचा तो सकाळचा देह दिसला, तव्यासमोर उभा, दाराकडे पाठ केलेला. भूक नव्हती ती. भुकेला तो ओळखत होता. सकाळी सहाला डबाभर घेवडा खाऊन तो खाली उतरलेला असे.

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. तीस वर्षं या हातांनी हेच काम केलं. बकऱ्याच्या पाठीशी, चरबीच्या पांढऱ्या गादीत गुर्दा कसा दडलेला असतो, तो काढताना बोट कुठे घालायचं, कुठली शीर कुठे तुटते, तुटली की काय होतं, हे सगळं त्याला झोपेतही येई. दुसऱ्या कुणाला शस्त्रक्रिया म्हटलं की पांढरा पडदा आणि औषधाचा वास आठवतो. याला दुकानातला मटण तोडायचा ठोकळा आठवायचा. आपण आडवे पडलो आहोत आणि कुणीतरी बोट घालतंय, हे तो इतकं नीट पाहू शकत होता की त्याच्या पोटात खड्डा पडे, आणि तो खड्डा सकाळी सहाला सगळ्यात खोल असे.

"मला भीती वाटते, ताई," तो म्हणाला.

हे वाक्य त्याने आयुष्यात शेवटचं कधी म्हटलं होतं, ते त्याला आठवेना. बहुतेक तिच्या कडेवर असताना.

ताईने नळ्या नसलेला हात पुढे केला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.  यंत्र आपलं घरघरत होतं. मग ती म्हणाली, की एवढंच होतं तर आधी सांगायचंस. तिलाही भीती वाटते. त्याला काही झालं तर ती त्याच्या बायकोला कुठल्या तोंडाने सामोरी जाईल, या भीतीने तिला झोप लागत नाही. द्यायची नसेल तर नको देऊ. तिने चौसष्ट वर्षं पाहिली, देवाशी तिचं भांडण नाही.

"फक्त मला तुझ्या तोंडाचा वास घ्यायला लावू नकोस. खायचं असेल तर समोर बसून खा. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण."

त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. मग म्हणाला, नाही म्हणायचं नाहीये. भीती आहे, पण ती किडनीपेक्षा मोठी नाही, वजन करून पाहिलंय. ताई हसली, हसता हसता खोकली, आणि त्या खोकल्याला परिचारिका धावून आली.

त्या दिवशी दोघांनी एक करार केला. त्याचे हात तिचं पाणी मोजतील, तिचं नाक त्याचा श्वास मोजेल, आणि कुणी कुणाला खोटं सांगायचं नाही. रोज सकाळी पायऱ्यांवर, आणि जायचं नसेल त्या दिवशी वरच्या खोलीत, हा तपास व्हायचा. तो वाकून तोंडाने 'हाऽ' करी, ती नाक पुढे करी. बायको म्हणे, देवळात जाऊन या एकदा, दोघांनाही काहीतरी झालंय.

आणि टिक्क्या? दुसऱ्या दिवशी शनिवार. तराजूने तवा लावलाच नाही. हात जाणतो, म्हणाला, तीस वर्षं हेच तर केलं. कांदा टाकला, लसूण टाकला, मिरी, मीठ. मळलं. इथे त्याची सवय अडली. आजवर मीठ पुरे झालं हे त्याला हात नव्हे, जीभ सांगत आली होती. जीभ गप्प बसली तसा हात गोंधळला. मीठ घातलं की घालायचं राहिलं? घालायचं राहिलं असेल, असं म्हणून त्याने पुन्हा घातलं. आणि मळून झाल्यावर, जरा कमी वाटतंय, म्हणून वर आणखी एक चिमूट.

अकराला मास्तर परत आले. पुडी फळीवर ठेवली. "तराजू, समुद्र कुठून आणलास?"

त्यांच्यामागे आणखी दोघं उभे होते. सगळ्या टिक्क्या परत घ्याव्या लागल्या. तराजूने मान खाली घातली. तेव्हा मागून बायको आली, परातीतली एक चिमूट तव्यावर टाकली, चाखली आणि थुंकली. मग जे बोलली ते तिने बहुधा फार दिवस जपून ठेवलं होतं. मिठाचं राहू द्या, म्हणाली, तुमची मिरीसुद्धा बावीस वर्षं जास्त पडतेय.

सोमवारपासून चव तिच्याकडे गेली. तो कालवे, ती चाखे. मिरी कमी झाली. पुढच्या शनिवारी मास्तर पुडी घेऊन गेले आणि अर्ध्या तासाने परत आले, तेव्हा तराजूने पैसे परत द्यायला गल्ल्यात हात घातला. मास्तरांना आणखी सहा हव्या होत्या. तराजूला आनंद झाला की वाईट वाटलं, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. बायकोने मात्र त्या दिवशी फळीमागे उभं राहून सगळ्यांना स्वतः बांधून दिलं.

काटा हलला. शहाण्णव, पंच्याण्णव, मग एका आठवड्यात काहीच नाही, मग त्र्याण्णव. ताईचं पाणी दोनवर आलं आणि दोनवर राहिलं. एकदा अडीच झालं. तेव्हा तिने पायरीवर स्वतःच सांगितलं, की काल कलिंगडाची फोड खाल्ली, फक्त चोखली म्हण. एकदा त्यानेही सांगितलं, की मास्तरांच्या नातीच्या वाढदिवसाला केक खाल्ला, त्यात अंडं होतं, लोणी होतं, सगळ्या आया होत्या. ताईने नाक मुरडलं आणि माफ केलं. चवळीची त्याला गोडी लागली म्हणावी, तर तसं काही झालं नाही. पण भोपळ्याचं सूप तो मागून घेऊ लागला, आणि सतरा पायऱ्या ताईला घेऊन चढताना वरच्या कठड्याशी थांबून धापा टाकायचं बंद झालं. ते आधी ताईच्या ध्यानात आलं.

चार महिने भरले त्या सकाळी त्याने दवाखान्याच्या यंत्रावर चढण्यापूर्वी बूट काढले, पट्टा काढला, घड्याळ काढलं, खिशातला रुमाल काढला. चष्म्यालाही हात घातला, तेव्हा परिचारिका म्हणाली, आकडा मी वाचते, पण तुम्ही पडू नका. नव्वदला दोनशे ग्रॅम कमी.

मग डॉक्टरांनी त्याला आत घेतलं, एकट्याला. बायको आणि ताई बाहेर बाकावर. दार लावून डॉक्टर म्हणाले, की हे आम्ही प्रत्येक देणाऱ्याला विचारतो. कुणाची जबरदस्ती आहे का? भिडेने देताय का? मनात नसेल तर आत्ता सांगा. "बाहेर मी एवढंच सांगेन, की तपासणीत बसत नाही. कारण कुणालाही कळणार नाही. ताईंनाही नाही."

 दोन महिन्यांपूर्वी तराजू तव्यासमोर उभा राहून जे मागत होता, ते हे. कुणी न सांगता, आयतं, स्वच्छ टेबलावर मांडून ठेवलेलं. हात पुढे केला की झालं, आणि कुणाला वासही आला नसता.

"भीती वाटते, डॉक्टर," तो म्हणाला. "तेवढं लिहून ठेवा. पण द्यायची आहे. आणि बाहेर काही वेगळं सांगायची गरज नाही, ताईला सगळं माहीत आहे."

डॉक्टरांनी लिहिलं. तारीख दिली, तीन आठवड्यांनंतरची.

घरी आल्यावर त्याने गाडीतून ताईला उचललं. पायऱ्या चढताना तिने नेहमीसारखं नाक पुढे केलं. कोबी, म्हणाली. पाच-सहा पायऱ्या गेल्यावर तिने विचारलं, "लहान्या, किती वजन असतं रे तिचं?"

"कशाचं?"

"किडनीचं. तुझ्या हाताला माहीत असेल की."

तो थांबला. तिचं सगळं वजन डाव्या हातावर आणि छातीवर घेऊन त्याने उजवा तळहात मोकळा केला, पसरला, आणि गिऱ्हाइकासमोर करायचा तसे डोळे किंचित मिटले.

"दीडशे ग्रॅम. चार-पाच इकडे तिकडे."

"तेवढ्यासाठी चौदा किलो?"

"हो ना. आणि वर कोबी," तो म्हणाला, आणि उरलेल्या पायऱ्या न थांबता चढून गेला.